तौलनिक प्रकरणात इंग्लंड-अमेरिकाच का?

रेवा_साताराकर
मंडळी, विषय जरा रटाळ आहे, आधीच सांगते.

कायद्यात पीएचडी करतेय. विषय पोलीस कोठडीतला छळ आणि त्याबद्दल राज्यसंस्थेची आंतरराष्ट्रीय जबाबदारी. सिनॉप्सिस पास झाला, सुरुवातीची प्रकरणं कच्ची का होईना कागदावर उतरली. पुढचं प्रकरण तौलनिक अभ्यासाचं, आणि तिथे घोडं पेंड खातंय. गाइड सर म्हणतात, इंग्लंड घे, अमेरिका घे, भारताशी ताडून बघ, विषय संपला. मी शोधगंगेवर बसून प्रबंध चाळले. ग्राहक संरक्षण असो, दत्तक असो, सायबर गुन्हे असोत, हेच दोन पाहुणे हजर. आधी मॅग्ना कार्टापासून इंग्लंडचा इतिहास, मग अमेरिकेच्या घटनादुरुस्त्या, शेवटी दीड पानात ‘साम्य व भेद’. हेच देश का, याबद्दल एक ओळ नाही.

इथे कुणी कायद्यात किंवा राज्यशास्त्रात संशोधन केलंय का? देश निवडताना काय पाहिलंत? श्रीलंका-बांगलादेश घेतले तर परीक्षक नाक मुरडतात असं सीनियर सांगतात, ते खरं का? आणि खरं विचारायचं तर, हे सगळं कुणी वाचतं का?

खोडसाळपंत
गाइड सांगेल तसे. हो. नाही.
धागा बंद करायला हरकत नसावी. (हलके घ्या.)

मुक्ता_
पंतांना +१. चालू द्या, मी चहा घेऊन बसलेय.

वकील_आबा
रेवाताई, तुमच्या सरांची बाजू घ्यायला कुणीतरी हवं म्हणून लिहितो.

इंग्लंड उगाच येत नाही. दंडसंहिता १८६० ची, पुरावा कायदा १८७२ चा, दोन्ही इंग्रजांनी केलेले. आता न्याय संहिता आणि साक्ष अधिनियम अशी नावं झाली तरी सांगाडा तोच आहे. आणि गंमत बघा, पोलिसापुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालायचाच नाही, हा सरसकट नियम खुद्द इंग्लंडात नव्हता. इथल्या पोलिसांचा अनुभव घेऊन त्यांनी तो फक्त इथे घातला. एवढं जरी नीट लिहिलंत तरी इंग्लंडवरची पानं वाया जाणार नाहीत.

दुसरं म्हणजे त्यांचा १९८४ चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा, ज्याला सगळे ‘पेस’ म्हणतात. त्यात ठाण्यावर एक कस्टडी ऑफिसर असतो आणि त्या गुन्ह्याच्या तपासाशी त्याचा संबंध नसतो. माणूस आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत कधी जेवला, डॉक्टर कधी आला, चौकशीला कधी नेला, सगळी नोंद त्याच्या जबाबदारीवर. आता आमच्याकडच्या रिमांडला या. दोरीचं एक टोक आरोपीच्या हाताला, दुसरं शिपायाच्या मुठीत. साहेब विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? आरोपी आधी शिपायाकडे बघतो, मग नकारार्थी मान हलवतो. रोजनाम्यात ओळ पडते, ‘आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही’, की लगेच पुढचा पुकारा. ज्याच्याविरुद्ध बोलायचं, संध्याकाळी त्याच्याच गाडीतून परत जायचं असतं हो त्याला.

म्हणून म्हणतो, इंग्लंड ठेवा. अमेरिकेबद्दल माझा आग्रह नाही.

मुक्ता_
आबा, दोरी? बेड्यांना तर सुप्रीम कोर्टाने कधीचीच मनाई केली ना?

वकील_आबा
बेड्यांना म्हणूनच दोरी. पुढे १९९५ ला कोर्टाने दोरीचंही नाव घेऊन आदेश दिला, तरी तालुक्याला दोरी दिसतेच.

प्रा_चिन्मय
मुक्ता, तू म्हणतेस तो निकाल प्रेमशंकर शुक्ला, १९८०. न्या. कृष्णा अय्यर यांनी त्यात मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पाचवं कलम आणि नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं दहावं कलम आधाराला घेतलं. भारताने तो करार १९७९ ला स्वीकारला होता, म्हणजे शाई जेमतेम वाळलेली.

आता मूळ प्रश्न. रेवा, तुझं उत्तर आबांच्या प्रतिसादात आलंय, पण आबांना ते तसं म्हणायचं नव्हतं. त्यांनी ‘इंग्लंड घ्या’ म्हणताना आधी एक प्रश्न धरला: कोठडीतल्या माणसाची नोंद कोण ठेवतं? त्या प्रश्नाला इंग्लंड चपखल बसतं. पण तुझा प्रश्न ‘छळाचा वेगळा कायदा केल्याने काय बदलतं’ असा असेल तर पहिला देश शेजारी शोधावा लागेल. आपण संयुक्त राष्ट्रांच्या छळाविरुद्धच्या करारावर १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली, अनुसमर्थन अजून नाही. २०१० चं विधेयक लोकसभेत पास झालं, राज्यसभेत निवड समितीकडे गेलं आणि बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला, तो आहे तिथेच आहे. दरम्यान श्रीलंकेने १९९४ ला कायदा केला, बांगलादेशने २०१३ ला, मालदीवने त्याच वर्षी, नेपाळने २०१७ च्या फौजदारी संहितेत कलम घातलं, पाकिस्तानने २०२२ ला केला. सगळी आळी झाली, आपण राहिलो. आणि आपले प्रबंध अमेरिकेशी तुलना करतात!

आपलं सुप्रीम कोर्टसुद्धा या विषयात इतकं आळशी नव्हतं. कोठडीतल्या मृत्यूबद्दल सरकारने भरपाई द्यावी हे नीलाबती बेहरा (१९९३) आणि डी. के. बसू (१९९६) या निकालांनी ठरवलं. आधार कुठले, तर त्रिनिदादहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे (तिथल्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे) गेलेला महाराज खटला आणि न्यूझीलंडचा बेजंट खटला. शिवाय नागरी व राजकीय हक्कांचा करार स्वीकारताना भारताने बेकायदा अटकेच्या भरपाईच्या कलमावर, म्हणजे ९(५) वर, हरकत नोंदवून ठेवली होती. बसू निकालाने म्हटलं, आम्ही आता भरपाई देतोच आहोत, त्या हरकतीत काही अर्थ उरलेला नाही. सरकारने दिल्लीत बसून घातलेली अट कोर्टाने एका परिच्छेदात निष्प्रभ केली. यावर एक आख्खं प्रकरण होईल, आणि अमेरिकेचं नावही घ्यावं लागणार नाही.

खोडसाळपंत
त्रिनिदादहून क्रिकेटवाले रामदीन आणि नरीन येतात एवढंच ठाऊक होतं. महाराजही येतात हे नवीन.

प्रा_चिन्मय
पंत, हे महाराज बॅरिस्टर होते. न्यायाधीशाने बेअदबीबद्दल सात दिवस आत टाकलं, ते लंडनपर्यंत लढले आणि १९७८ मध्ये जिंकले. न्यायाधीशाच्या चुकीबद्दलसुद्धा राज्यसंस्था भरपाई देणं लागते, हे त्या खटल्यातून आलं.

वकील_आबा
चिन्मयसर, माहिती छान. पण श्रीलंकेचा कायदा दाखवून काय सिद्ध करणार? किमान सात वर्षं शिक्षा लिहून ठेवलीय, आणि शिक्षा झालेली प्रकरणं मोजकीच. कागदावर तर आपल्याकडेही कबुलीसाठी मारहाणीचं कलम आहे, जुनं ३३०, नवं १२०. कायद्याची उणीव नाहीच मुळी. तक्रार लिहून कोण घेणार, तपास कोण करणार, आणि लोकसेवकावर खटल्याची मंजुरी कोण देणार, ही दुखणी आहेत.

प्रा_चिन्मय
आबा, म्हणूनच श्रीलंका घ्यायची! ‘करार स्वीकारा, कायदा करा’ ही शिफारस आपल्याकडच्या प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी असते. श्रीलंकेने दोन्ही केलं. तरी फरक का पडला नाही, हे तपासल्याशिवाय ती शिफारस करायचा हक्क नाही. किमान सात वर्षांच्या शिक्षेमुळेच न्यायाधीश आणि सरकारी वकील बिचकत असतील का, हा प्रश्न इंग्लंड-अमेरिका वाचून सुचणारच नाही. उलट बांगलादेशात तसाच नवा कायदा, तिथे २०२० मध्ये ढाक्याच्या न्यायालयाने कोठडीतल्या मृत्यूबद्दल तीन पोलिसांना जन्मठेप दिली. एकीकडे हे, एकीकडे ते. तुलना करण्यासारखं यात आहे.

वकील_आबा
हे मान्य. पण ढाक्याची एक शिक्षा म्हणजे चित्र पालटलं असं नव्हे, तेवढं लिहा तिला.

निबरनाना
सगळं वाचलं. एक सामान्य माणूस म्हणून विचारतो. बॉम्ब कुठे ठेवलाय हे एका माणसाला माहीत आहे आणि तो बोलत नाही. तुमचे करार तेव्हा काय कामाचे? हक्क फक्त गुन्हेगारांनाच का?

मुक्ता_
आला, बॉम्ब आला. मला वाटलंच होतं, पहिल्या पानावर येणार.

माइनकाठची_मंजू
नानांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, माझ्या गावात तो खराच घडलाय. फ्रँकफुर्ट, २००२. अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण, खंडणी नेणाऱ्या संशयितावर पाळत ठेवून त्याला पकडलं, मुलगा कुठे ते सांगेना. पोलीस उपप्रमुखाने हाताखालच्या अधिकाऱ्याला सांगितलं, त्याला असह्य वेदना देऊ अशी धमकी द्या. धमकी दिली, तो बोलला. पण मुलाला त्याने आधीच मारलं होतं.

पुढचं बघा. त्या उपप्रमुखाने आपण काय आदेश दिला ते स्वतः फाइलवर लिहून ठेवलं होतं. त्याच्यावर खटला झाला, तो दोषी ठरला, शिक्षा मात्र नावापुरती, स्थगित दंडाची. खुन्याला जन्मठेप झाली ती त्याच्या न्यायालयातल्या कबुलीवर. नंतर तोच खुनी स्ट्रासबर्गला, युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. २०१० मध्ये मोठ्या पीठाने सांगितलं, ही धमकी म्हणजे अमानुष वागणूक, युरोपीय मानवी हक्क कराराच्या तिसऱ्या कलमाचा भंग, आणि अधिकाऱ्यांना दिलेली शिक्षा फारच सौम्य. पण खटला अन्यायाने चालला, हे त्याचं म्हणणं फेटाळलं. २०११ ला इथल्या न्यायालयाने त्याला ३,००० युरो भरपाई दिली तेव्हा लोक जाम भडकले होते, आजही विषय निघाला की जेवणाच्या टेबलावर दोन तट पडतात.

माझं मत विचाराल तर निकाल बरोबर. पण ज्याला हा खटला वाचून पोटात कालवत नाही त्याने मानवी हक्कांवर लिहू नये.

निबरनाना
मंजूताई, मी तुमच्या मताचा नाही. पण हा खटला माहीत नव्हता. फाइलवर लिहून ठेवलं, हे मानलं पाहिजे. आपल्याकडे कुणी ठेवेल?

वकील_आबा
नाना, स्टेशन डायरी बघाल तर आरोपी नेहमी स्वतःच जिन्यावरून घसरलेला असतो. तळमजल्याच्या ठाण्यातही.

(यानंतरचे काही प्रतिसाद काढून टाकले आहेत.)

संपादक
चकमकी आणि राजकीय पक्ष यांवर वेगळा धागा काढा. इथे धागाकर्तीचा विषय चालू द्या.

सायली_एलएलएम
मला तर उलट वाटतं, दोन-तीन देशांत अडकायचंच कशाला? सगळं ऑनलाइन आहे आता. स्ट्रासबर्गचे निकाल फुकट, दक्षिण आफ्रिकेचे फुकट, आपले सुप्रीम कोर्टाचे रिपोर्टही २०२३ पासून फुकट. मी डेझर्टेशनला पंचवीस देशांचा तक्ता केला होता, उभ्या रकान्यात देश, आडव्या ओळीत कलमं. परीक्षक खूश.

मोडीवाला
पंचवीस देशांचा तक्ता वाचून राहवलं नाही. यापेक्षा मोठा तक्ता हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात एकदा दाखल झालाय आणि तो भारताच्या विरुद्ध होता.

प्रकरण दादरा-नगरहवेलीचं. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी तिथली पोर्तुगीज सत्ता उखडली. भारताने दमणहून आत जाणारी वाट पोर्तुगिजांना बंद केली. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांत आला, १९ तारखेला न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि २२ ला भारतावर दावा ठोकला. आपल्या बाजूने सेटलवाड, इंग्लंडचे वॉल्डॉक, स्वित्झर्लंडचे गुगेनहाइम. भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला.

पोर्तुगालचं एक म्हणणं असं: चारी बाजूंनी दुसऱ्याच्या जमिनीने वेढलेल्या मालकाला आपल्या जमिनीत जायला वाट मिळते, हे जगातल्या सगळ्या सुधारलेल्या कायद्यांत आहे, म्हणजे ते आंतरराष्ट्रीय कायद्याचंही तत्त्व. त्यासाठी शिकागोचे प्राध्यापक मॅक्स र्‍हाइनस्टाइन यांच्याकडून देशोदेशींच्या कायद्यांचा तौलनिक अभ्यास करून घेऊन तो जोडला. आपल्याकडेही १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात गरजेची वाट आहेच. बांधावरून वाट अडवली म्हणून तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज पडतात, ते याच जातकुळीतलं भांडण.

न्यायालयाने १२ एप्रिल १९६० ला निकाल दिला आणि त्या सर्वसामान्य तत्त्वांत शिरायची गरजच नाही म्हणून सांगितलं. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात, आणि नंतर भारताशी, सव्वाशे वर्षांहून जास्त चालत आलेला वहिवाटीचा व्यवहार समोर होता, तो पुरे. दोनच देशांमध्येही स्थानिक रूढी तयार होऊ शकते, हे वाक्य आज जगभर शिकवतात ते याच निकालातून. तक्ता बिचारा जोडपत्रात राहिला.

आता खरी मजा. पोर्तुगालचा हक्क सुरू झाला कुठून, तर १७७९ च्या पुण्याच्या तहातून आणि १७८३ व १७८५ च्या सनदांतून. पेशव्यांनी बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं दिली होती. सार्वभौमत्व दिलं की नुसता महसूल? सतराव्या कलमाचे जे मजकूर पुढे आले ते एकमेकांशी जुळत नव्हते. न्यायालयाने तहाची वैधता पुढच्या काळातल्या कल्पनांनी मोजायला नकार दिला, पण मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क, हे भारताचं म्हणणं उचललं. सार्वभौमत्व पोर्तुगिजांकडे गेलं ते पुढे इंग्रजांनी न बोलता मान्य केलं म्हणून. डचांच्या देशात सरंजामावर काथ्याकूट! पेशवे दप्तरात बसणाऱ्यांनी हा निकाल मूळातून वाचावा. न्यायालयाच्या संकेतस्थळावर दोन्ही बाजूंची सगळी निवेदनं फुकट आहेत, जोडपत्रांसकट.

निकालाची मतं: माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क होता, ११ विरुद्ध ४. सशस्त्र दल, सशस्त्र पोलीस, दारूगोळा नेण्याचा नव्हता, ८ विरुद्ध ७. भारताने वाट बंद केली त्यात काही गैर केलं नाही, ९ विरुद्ध ६. सशस्त्र दलाच्या मुद्द्यावर एका मताने वाचलो म्हणा ना.

खोडसाळपंत
दंडवत घ्या, मोडीवाले. धागा सार्थकी लागला.

मुक्ता_
सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे त्या १९५४ च्या मोहिमेत होते ना? बाबूजींच्या गाण्यांपलीकडे हेगच्या निकालातही त्यांचा अप्रत्यक्ष हात आहे म्हणजे.

मोडीवाला
होते. आणि पुढचं अवांतर: ११ ऑगस्ट १९६१ ला प्रदेश भारतात सामील करायचा करार करायला स्वतंत्र नगरहवेलीच्या बाजूने सही कोण करणार, म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एक दिवसाचा पंतप्रधान केलं होतं.

पारगाव_पोस्ट
मोडीवाल्यांचा प्रतिसाद आवडला, पण एक खटकतंच. सरंजाम, सनद, वहिवाट, दारूगोळा, सगळं आलं. तिथला वारली-कोकणा माणूस त्या निकालात कुठे आहे? त्याला कोणाच्या राज्यात राहायचंय हे कुणी विचारलं? त्याच वर्षी, १४ डिसेंबर १९६० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहती संपवण्याचा १५१४ क्रमांकाचा ठराव केला आणि दुसऱ्या दिवशीच्या ठरावात पोर्तुगालच्या वसाहतींची यादी केली, त्यात गोवा आहे. आठ महिन्यांचं अंतर. निकाल वाचताना मात्र दोन जमीनदारांचा दावा वाचल्यासारखा वाटतो. आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवी हक्क कायदा हे दोन वेगळे पेपर म्हणून शिकवतात त्याचं हे फळ. रेवा यांनी आपल्या प्रबंधात ही फट ठेवू नये.

प्रा_चिन्मय
पारगाव, मुद्दा रास्त. पण न्यायालयापुढे आलेला वादच वाटेचा होता. न मागितलेलं न्यायालय देत नाही.

पारगाव_पोस्ट
न्यायालय देत नाही, ठीक. संशोधकाला कुणी अडवलंय?

सायली_एलएलएम
माझ्या तक्त्याचं एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं. :) पण बाहेरचे लोक आपले निकाल वाचतात का? की आपणच त्यांचे वाचायचे?

प्रा_चिन्मय
वाचतात, आणि नाकारतातही. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९५ च्या मक्वान्याने निकालात फाशी रद्द केली. त्यात फाशी वैध ठरवणारा आपला १९८० चा बच्चन सिंग निकाल सविस्तर तपासला आणि बाजूला ठेवला. कारण भारताच्या घटनेत फाशी गृहीत धरलेली आहे, त्यांच्या घटनेत तसं नाही. तौलनिक अभ्यास म्हणजे ‘त्यांच्याकडे आहे म्हणून आपल्याकडे हवं’ नव्हे, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगला निकाल मला माहीत नाही. त्यांच्या १९९६ च्या घटनेच्या ३९ व्या कलमात तर लिहूनच ठेवलंय: हक्कांचा अर्थ लावताना आंतरराष्ट्रीय कायदा विचारात घेतलाच पाहिजे, परदेशी कायदा घेतला तरी चालेल.

आणि घटनेची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही, या आपल्या तत्त्वाचं मूळ? १९६५ मध्ये डीट्रिश कॉनराड नावाच्या जर्मन अभ्यासकाने बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या मर्यादांवर व्याख्यान दिलं. ते वकील एम. के. नंबियार यांच्या हाती पडलं, त्यांनी गोलकनाथ खटल्यात वापरलं, आणि १९७३ ला केशवानंद भारतीत न्या. खन्ना यांनी कॉनराडचा उल्लेख केला. तिथून तो विचार बांगलादेशने १९८९ ला उचलला. केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०२२ ला आम्हाला नको म्हणून सांगितलं. तेव्हा रेवा, ‘कुणी वाचतं का’ याचं उत्तर असं की कॉनराडचं व्याख्यान ऐकायला बसलेल्यांनाही ते कुठे जाईल याची कल्पना नसणार.

वसईची_वसुंधरा
‘कुणी वाचतं का’ यावर माझेही दोन आणे. इतक्या लांब कशाला जायचं? मथुरा खटला आपल्याकडचाच. १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे, आदिवासी मुलगी, ठाण्यातच बलात्कार. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं, सुप्रीम कोर्टाने सोडलं. त्यावर सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर. निकाल बदलला नाही. पण ते पत्र हातोहात फिरलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला आणि ‘संमती नव्हती’ असं बाईने सांगितलं तर ते गृहीत धरायचं कलम पुरावा कायद्यात आलं.

ते पत्र काही जर्नलच्या नियमात बसवून लिहिलेलं नव्हतं. रेवा, तुझा विषय कोठडीच आहे, मग हे तुझ्या प्रबंधात असणारच. नसेल तर आधी घाल, श्रीलंका नंतर बघ.

खोडसाळपंत
आता एक व्यावहारिक. हे सगळं उद्धृत केल्यावर सॉफ्टवेअर ४० टक्के चोरी दाखवणार. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत माफ. कलमं शब्दशः न लिहिता कायद्याचा प्रबंध लिहायचा कसा, हे त्या सॉफ्टवेअरने एकदा दाखवावं.

मुक्ता_
पंत, अवतरणं आणि संदर्भ वगळून मोजायचं असतं, नियमातच आहे. ग्रंथपालांना सेटिंग बदलायला सांगायचं. न सांगितलं तर ‘भारताचा प्रत्येक नागरिक’ हेही चोरीत जातं.

पारगाव_पोस्ट
घटनेचा मसुदा १९३५ च्या कायद्यावरून उचलला म्हणून टीका झाली, तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत सरळ सांगितलं होतं की घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचं पेटंट नसतं, उसनं घेण्यात लाज कसली. हे प्रबंधाच्या पहिल्या पानावर टाका आणि टक्केवारी मागणाऱ्याला दाखवा.

रेवा_साताराकर
सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. दादरा माझ्या विषयात कुठेच बसत नाही, तरी आख्खी रात्र त्यात गेली.

सरांशी बोलले. चिन्मयसरांनी सांगितल्याप्रमाणे आधी प्रश्न लिहून नेले. कोठडीतल्या माणसाची नोंद कोण ठेवतं, यासाठी इंग्लंड. वेगळा कायदा असून काय होतं, यासाठी श्रीलंका आणि बांगलादेश. भरपाईसाठी त्रिनिदाद-न्यूझीलंड, पण तेवढ्यापुरतंच. अमेरिका तळटीपेत. सरांनी कागद दोनदा वाचला, म्हणाले, ‘बाहेरचा परीक्षक कोण येतो त्यावर आहे. पण प्रत्येक देश का घेतला ते अर्ध्या पानात आधीच लिहून टाक, म्हणजे व्हायवाला तुला नाही, त्याला उत्तर द्यावं लागेल.’ मला वाटलं होतं चिडतील.

वसुंधराताई, मथुरा दुसऱ्या प्रकरणात आहे. खुलं पत्र मात्र एका ओळीत उरकलं होतं, ते वाढवते. पारगाव, तुमच्या प्रश्नाचं अजून काय करायचं ते ठरत नाहीये. छळाच्या करारात राज्यसंस्था दिसते, अधिकारी दिसतो, पीडित माणूस भरपाईच्या कलमापुरता येतो. बघते.

एक अडचण आहे. बांगलादेशचा २०१३ चा कायदा मूळ बंगालीत आहे. इंग्रजी भाषांतरावर विसंबायचं का?

माइनकाठची_मंजू
विसंबू नकोस. भाषांतर समोर ठेव, पण व्याख्या आणि शिक्षेची कलमं मूळ बंगालीतून कुणाकडून तरी तपासून घे. माझी शेजारीण सिल्हेटची आहे, वकील नाही पण वाचून दाखवेल. व्यक्तिगत निरोप कर.

प्रा_चिन्मय
मंजूताईंशी सहमत. शिवाय तो कायदा एका खासदाराच्या खासगी विधेयकातून आला होता. संसदेतली चर्चा मिळाली तर तीही बंगालीतच असणार, शेजारणीला तयारीत राहायला सांगा.

वकील_आबा
रेवाताई, इंग्लंड ठेवलंत, बरं वाटलं. आता एक करा. लायब्ररीतून उठून आठवडाभर रिमांड कोर्टात बसा. खुलं न्यायालय असतं, परवानगी लागत नाही. सोमवारी येऊ नका, शनिवार-रविवारच्या अटकांची झुंबड असते, काही ऐकू येत नाही. मागच्या बाकावर न बसता वकिलांच्या टेबलाजवळ उभ्या राहा. रोजनाम्याच्या नकला हव्या असतील तर नक्कल विभागात अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टँप, आणि प्रकरणाचा नंबर नीट लिहा, नाहीतर अर्ज परत येतो. त्रयस्थाला नक्कल देताना कारण विचारतात, तिथे ‘संशोधन’ लिहा आणि विद्यापीठाचं पत्र जोडा.

खोडसाळपंत
आणि मॅग्ना कार्टा? पूर्ण काढलाच का? वाईट वाटलं हो.